शोकाची बावीस अक्षरें

पवित्र शास्त्र काव्य म्हणूनही अभ्यासावें असें म्हटलें कीं, देवाच्या वचनास मनुष्याच्या कवितेच्या पंक्तीस बसविलें, असें आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस वाटतें. हें भय आम्ही हलकें मानीत नाहीं. तथापि विलापगीताचें पुस्तक उघडून पाहूं.

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें व मंदिर पाडलें. त्या नाशाविषयींचीं हीं पांच गीतें होत. इब्री मूळाक्षरें २२ आहेत. पहिल्या, दुसऱ्या व चवथ्या अध्यायांत २२ वचनें असून प्रत्येक वचनाचा आरंभ क्रमानें पुढल्या अक्षरानें होतो. तिसऱ्यांत एकेका अक्षरास तीन, म्हणून ६६ वचनें आहेत. हा क्रम मराठींत उतरत नाहीं. संख्या मात्र कोणासही मोजून पाहतां येईल. मूळांतील पुष्कळ ओळींचा पूर्वार्ध लांब व उत्तरार्ध आखूड आहे, जणूं हुंदक्यानें श्वास तुटावा. ओवीचा आखूड शेवटचा चरण ज्यांच्या कानांत आहे, त्या भगिनींस हें लवकर कळेल.

ज्याचें घर जळालें तो अक्षरें कशास मोजील? आम्हांस वाटतें, शब्द सुचेनासे झाले म्हणजे पुढलें अक्षर हेंच पाऊल ठेवावयास जागा होतें. पांचव्या अध्यायांत तर वचनें २२ च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटला आहे.

आशेचीं प्रसिद्ध वचनें तिसऱ्या अध्यायाच्या मध्यावर आहेत, पुस्तकाच्या शेवटीं नाहींत. त्यांच्यानंतर कवि पुन्हां रडतो. आम्ही उपदेशक तेवढींच वचनें उचलून मयताच्या घरीं जातों आणि सांगतों, विश्वासणाऱ्यास रडणें शोभत नाहीं. आम्हींही तसें म्हटलें आहे, आणि एका आईनें तें ऐकून भिंतीकडे तोंड फिरविलें, हें आम्ही विसरलों नाहीं. पौलानें थेस्सलनीकाकरांस शोकाची मनाई केली नाहीं. आशा नसलेल्यांसारखा शोक करूं नये, इतकेंच लिहिलें. तें सर्व पुस्तक आम्ही तिच्याजवळ बसून वाचावयास हवें होतें.

त्याचें शेवटचें वचन, देवानें आम्हांस अगदींच टाकिलें काय, अशा शंकेवर थांबतें. म्हणून यहूदी लोक मंदिराच्या नाशाच्या उपासदिवशीं सभास्थानांत हें पुस्तक वाचतात, तेव्हां शेवटच्या वचनानंतर त्याच्या आधींचें, देवाकडे परत फिरविण्याच्या विनंतीचें वचन पुन्हां एकदां म्हणतात.