पूर्वजांचा खरा मान

कल्याणाहून कर्जतच्या वाटेने आगगाडी निघाली म्हणजे उल्हासनगर मागे पडून अंबरनाथ लागते, व त्यापुढे बदलापूर. अंबरनाथास वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचे प्राचीन शिवालय आहे, ते आमच्या कित्येक वाचकांनी पाहिले असेल. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, अशी लोककथा आहे. ही कथा आता नवा वेष घेऊन फिरते. प्राचीनांपाशी आजच्याहून थोर यंत्रे होती, नुसत्या हातांनी असे काम होणे नाही, असे शिकलेले लोकही बोलतात.

पूर्वजांविषयी आदर असणे हा सद्गुण होय. परंतु आदरापोटी, जे सिद्ध झाले नाही ते खरे म्हणून सांगावे काय?

प्रथम त्या देवालयासच विचारू. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल व शिलाहार राजा मम्मुणि याचे नाव आहे. मंडपाचे छत पाहावे. त्यास कमान नाही. दगडाचा एकेक थर खालच्या थराहून किंचित आत सरकवीत, वर्तुळ लहान करीत नेले आहे, आणि वरच्या भाराने ते थर जागी राहिले आहेत. यात कोणते गुप्त यंत्र आहे? छिन्नी आहे, ओळंबा आहे, आणि एका पिढीने दुसरीस शिकविलेली विद्या आहे.

विमानांची गोष्टही अशीच. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले असे सांगतात. पण त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा मिळालेला नाही. भारद्वाज ऋषींचा म्हणून जो 'वैमानिक शास्त्र' ग्रंथ पुढे करतात, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच विद्वानांनी १९७४ साली तपासला. तो १९०४ च्या पूर्वीचा नसावा, व त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा निर्णय त्यांनी दिला. तरीही २०१५ साली मुंबईस भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर व्याख्यान झालेच.

कोणी म्हणेल, "तर मग आमचे पूर्वज अडाणी होते काय?" मुळीच नव्हे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेविले. ते पुराव्याने उभे आहे. पण खऱ्या नाण्यांत खोटे मिसळले की परका माणूस खऱ्यासही नाकारतो. आणि सर्व शोध पूर्वीच लागले आहेत असे ज्या मुलास शिकविले, ते शोध करण्याचे कष्ट कशास घेईल?

याहून मोठा दोष निराळाच आहे. देवालय एका रात्रीत झाले म्हटले, की ज्या पाथरवटांनी उन्हात बसून दगड घडविला, त्यांचे श्रम आपण पुसून टाकतो. त्यांची नावे कोणी राखिली नाहीत; निदान त्यांचे काम तरी त्यांचे असू द्यावे. मजुराची मजुरी बुडविणे हे आपण पाप समजतो. मग मेलेल्या मजुराचे श्रेय बुडविणे हे पुण्य कसे?

पुन्हा अंबरनाथास जाल तेव्हा मुलांस बरोबर न्या. दगडाच्या सांध्यांवर त्यांचे बोट ठेवा आणि सांगा: हे आपल्यासारख्याच माणसांच्या हातांनी केले. पूर्वजांचा याहून मोठा मान आम्हांस तरी ठाऊक नाही.