हौसेचा हौद

थंड पाण्यात बसण्यासाठी घरी हौद करावा, ही कल्पना आमच्या डोक्यात कशी आली, असे कचेरीतील एका स्नेह्यांनी विचारले तेव्हा आम्ही उत्तर टाळले. खरे उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. सकाळी साडेनऊला खुर्चीवर बसून सायंकाळी सहाला तीवरून उठणाऱ्या माणसाला आपण अजून धडधाकट आहोत, याचा कसलातरी पुरावा हवा असतो. मोबाइलच्या पडद्यावर परदेशातील मंडळी बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून प्रसन्न हसताना दिसली की तो पुरावा आपल्यालाही मिळवता येईल, असे वाटू लागते. पस्तिशीच्या लिपिकाला एवढे निमित्त पुरते.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र सरळ प्रश्न केला. "अहो, गीझर घेताना तुम्हीच म्हणाला होतात ना, की दिल्लीच्या थंडीत गार पाण्याने अंघोळ म्हणजे नुसते हाल? मग आता पैसे मोजून हाल विकत घ्यायचे?"

प्रश्न विनोदाने विचारलेला होता. पण तो आम्हांला हिवाळाभर पुरला. स्वेच्छेने पत्करलेल्या कष्टांना काही नैतिक मोल असते काय, की पोट भरलेल्याने केलेल्या उपवासासारखी तीही एक चैनच असते?

आधी हौदाची हकीकत सांगितली पाहिजे. पाणी साठवण्याची 500 लिटरची काळी प्लास्टिकची टाकी आणून आम्ही तिचे तोंड कापविले, कड घासून तीवर चिरलेली रबरी नळी बसविली, बाहेरून थर्मोकोल आणि ताडपत्री गुंडाळली व तळाशी पाणी सोडावयास तोटी लावली. ती गच्चीवर ठेवण्याचा बेत मिस्त्रीने एका वाक्यात मोडला. त्याचे म्हणणे हिशेबालाही धरून होते. 300 लिटर पाणी आणि त्यात बसणारा माणूस मिळून पावणेचारशे किलो होतात, आणि ते जेमतेम दोन हात रुंदीच्या वर्तुळावर उभे राहतात. म्हणजे चौरस मीटरला सहाशे किलोंच्या आसपास भार झाला. वापरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो आहे, आणि पहाडगंजातील जुन्या घरांच्या गच्च्यांनी तर मानकांचे नावही ऐकलेले नसावे. तेव्हा हौद खाली अंगणात आला. बर्फाची गरज हिवाळ्यात पडत नाही. 1 जानेवारी 2021 रोजी सफदरजंगला पारा 1.1 अंशावर उतरला होता, अशा शहरात रात्रभर उघड्यावर राहिलेले पाणी आपोआपच पुरेसे गार होते. उन्हाळ्यात मात्र 35 अंशांचे तेवढेच पाणी 15 अंशांवर आणावयाचे तर 60 किलोंहून अधिक बर्फ लागेल. हा हिशेब आम्ही मांडला आणि उन्हाळ्याचा विचार सोडून दिला.

पहिल्या दिवशी पाण्यात पाय टाकताच श्वास अडकला आणि मग धापा लागल्या. हे सर्वांनाच होते. थंडीच्या पहिल्या धक्क्याने श्वास आणि रक्तदाब दोन्ही उसळतात; म्हणून हृदयविकार असलेल्याने या वाटेला जाऊ नये आणि निरोग्यानेही जवळ कोणी असल्याशिवाय उतरू नये. दोन मिनिटांनी श्वास ताळ्यावर आला, तिसऱ्या मिनिटाला आम्ही बाहेर पडलो आणि दिवसभर कचेरीत स्वतःविषयी फार बरे मत बाळगून वावरलो.

हे बरे मत आठवडाभर टिकले. आमच्या अंगणाची मागची बाजू एका लहानशा हॉटेलला लागून आहे. तेथे काम करणारी चार मुले पहाटे पाचला त्या अंगणातल्या सामाईक नळावर अंघोळ करतात. त्यांतला एक गढवालकडचा, अठरा-एकोणीस वर्षांचा. हातात थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन पाण्यात बसलेल्या आमच्याकडे त्याने दोन-चार दिवस पाहिले आणि एके पहाटे अंगावर भराभर तांबे ओतता ओतता खऱ्याखुऱ्या सहानुभूतीने विचारले, "बाबूजी, आपका गीज़र खराब है क्या?"

आम्ही काहीतरी पुटपुटलो. वर आणखी शहाणपणा असा केला की, तुम्हां पहाडी लोकांना थंडीचे काय, तुम्हांला सवयच असते, असे म्हणालो. त्यावर तो हसला. "पहाड़ में ठंडे पानी से कौन नहाता है, बाबूजी? वहाँ तो माँ चूल्हे पर पानी गरम करती है।"

त्या एका वाक्याने आमची फार जुनी समजूत कोसळली. गरिबाला कष्टांची सवय असते, ही समजूत सुखवस्तू माणसाला किती सोयीची असते! वाईला आमच्या लहानपणी आजोबा कार्तिकस्नानासाठी पहाटे कृष्णेच्या घाटावर जात, आणि आम्हां मुलांसाठी आजी बंब पेटवून घंगाळात कढत पाणी काढून ठेवी. आजोबांचे स्नान व्रत होते, कारण घरी बंब होता. बंब नसलेल्या घरातली माणसेही त्याच घाटावर त्याच पाण्यात उतरत. त्यांच्या स्नानाला व्रत म्हटलेले मात्र आम्ही कधी ऐकले नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिराच आली. नळाचे पाणी ठरल्या वेळीच येते. हौद भरावयाचा त्या दिवशी आम्ही ऐन पाण्याच्या वेळी नळाला नळी लावीत होतो आणि त्या मुलांच्या बादल्या रांगेत थांबत होत्या. 300 लिटर म्हणजे 20 बादल्या. आमच्या निग्रहाची किंमत अशी दुसरेच कोणी मोजीत होते, आणि आम्ही मनोनिग्रहावर विचार करीत पाण्यात बसलो होतो!

मग स्वेच्छेचे कष्ट हे निव्वळ ढोंग मानावयाचे काय? तसे म्हणण्यास मन धजत नाही. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला नदीच्या पाण्यात उभे राहून बारा वर्षे पुरश्चरण केले असे परंपरा सांगते, आणि पुढील आयुष्यात त्यांनी जे केले त्यापासून ती तपश्चर्या वेगळी काढता येत नाही. तिकडे रोममध्ये सेनेका हा तत्त्वज्ञ तारुण्यात दर वर्षी 1 जानेवारीस थंड पाण्याच्या कालव्यात उडी घेई. म्हातारपणी त्याने कालवा सोडून टायबर नदी धरली आणि शेवटी उन्हाने कोमट झालेल्या हौदावर समाधान मानले. ही उतरंड त्याने स्वतःच एका पत्रात मिस्किलपणे लिहून ठेवली आहे. रोममधील अतिश्रीमंतांपैकी तो एक होता, आणि अधूनमधून काही दिवस जाडेभरडे खाऊन व नेसून राहावे, म्हणजे दारिद्र्याची भीती जाते, असे तो आपल्या मित्रास सांगत असे. हा उपदेश खोटा नाही. भीती जाते हे आम्हीही तीन मिनिटांपुरते अनुभवले आहे. परंतु दारिद्र्याची भीती जाणे वेगळे आणि दारिद्र्य कळणे वेगळे. ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याने प्रवास केला तरी तो हद्दपारीतला माणूस होत नाही.

आपणां बदलीच्या माणसांना हे निराळे सांगावयास नको. गैरसोयीच्या ठिकाणी नेमणूक झाली की आपण तीन वर्षांचा हिशेब मांडतो, खडतर जागेचा भत्ता घेतो आणि परत आल्यावर तेथील हालांच्या गोष्टी रंगवून सांगतो. त्या गावी जन्मभर राहणाऱ्यांना मुदतही नसते नि भत्ताही नसतो. आपले हाल खोटे नसतात. पण त्यांना शेवट आहे हे आपल्याला ठाऊक असते, आणि तेवढ्या ठाऊक असण्याने त्यांची जात बदलते.

येथे आम्हांला उरुळी कांचनची आठवण होते. गांधीजी कूने या जर्मन चिकित्सकाच्या कटिस्नानाचे जुने चाहते होते. पाय बाहेर ठेवून टबातील गार पाण्यात बसावयाचे, असा तो प्रकार. शहरातील चिकित्सालय गरिबांच्या उपयोगी पडणार नाही असे वाटल्यावरून 1946 साली त्यांनी पुण्याजवळच्या या खेड्यात निसर्गोपचाराचे काम सुरू केले, आणि मणिभाई देसाईंनी पुढे ते वाढविले. सेनेकाचे पाणी आणि उरुळीचे पाणी सारखेच थंड. सेनेकाचा निग्रह त्याच्यापाशीच संपत होता. गांधीजींचा टब मात्र ज्यांना औषध परवडत नाही त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचला. आमच्या मते स्वेच्छेच्या कष्टांची परीक्षा येथेच होते. ते सोसून झाल्यावर आपण कोणाच्या उपयोगी पडण्यास अधिक समर्थ झालो काय? झालो असू तर ते तप. नसू तर ती हौस. हौस करण्यात पाप नाही. तिला तप म्हणू नये, एवढेच.

या कसोटीला आम्ही स्वतः कसे उतरलो, हे सांगणे भाग आहे. प्रथम आम्ही गीझरची एक बादली रोज खाली पाठवू लागलो. तीन दिवसांनी त्या मुलाने ती नम्रपणे नाकारली. चौघांत एक बादली कशी वाटावयाची, हा त्याचा प्रश्न रास्त होता. करण्यासारखी गोष्ट उघड होती. हॉटेलच्या मालकाकडे जाऊन, पाहुण्यांसाठी चोवीस तास गरम पाणी आहे त्यातले थोडे या मुलांनाही मिळावे, असे सांगावयाचे. हे सांगण्यास आम्हांला तीन आठवडे लागले. कारणे पुष्कळ होती. आपण भाडेकरू, परप्रांतीय, सरकारी नोकर. उगाच कशाला वाकडेपणा घ्यावा? रोज पहाटे आठ-दहा अंशांच्या पाण्यात निर्धाराने उतरणाऱ्या आम्हांला त्या काउंटरपर्यंतची वीस पावले टाकताना जी हुडहुडी भरली, ती हौदात कधी भरली नव्हती.

शेवटी गेलो. मालकाने आधी आमच्या हौदाची चेष्टा केली, मग विजेच्या बिलाचे रडगाणे गाइले आणि अखेरीस स्वयंपाकघरातून रोज पहाटे चार बादल्या कढत पाणी देण्याचे कबूल केले. होळीपर्यंत ते मिळत राहिले. पुढच्या हिवाळ्यात काय होईल, ते आज सांगवत नाही. पुन्हा जावे लागेल, अशीच आमची धारणा आहे.

आता जून आहे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. अंगणातला हौद आता आठवड्यातून एकदाच, तोही रात्री आमच्या वाट्याच्या पाण्याने भरतो, आणि शिळे झालेले पाणी अंगण धुण्यास जाते. सावलीत झाकण घालून ठेवलेले ते पाणी बर्फावाचूनही बरेच गार राहते. दुपारी हॉटेलात काम थोडे कमी असते, तेव्हा ती चार मुले पाळीपाळीने त्यात बसतात. त्यांच्याजवळ घड्याळ नसते नि थर्मामीटरही नसतो. कंटाळा आला की ती बाहेर येतात. सौभाग्यवतींनी परवा गॅलरीतून ते दृश्य पाहिले आणि त्यानंतर हौदाच्या खर्चाचा विषय काढलेला नाही.