शीव, सुतक आणि घरचा देव: महामारीतील परभणीच्या खेड्यांचा धर्मप्रश्न

कोरोनाच्या महामारीत लागलेल्या देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, हा गुढीपाडव्याचा दिवस होता. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत पाडव्याला नुसता सण म्हणून भागत नाही. सालगड्याचे साल त्या दिवशी ठरते, मारुतीच्या पारावर पंचांग वाचले जाते आणि गावाच्या सार्वजनिक धर्माचा हंगाम तिथून सुरू होतो. रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, खरिपाला अवकाश असतो. म्हणून रामनवमी, हनुमान जयंती आणि त्यांच्या आगेमागे हरिनाम सप्ते याच दिवसांत बसतात. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याची पंगत. २०२० साली २ एप्रिलला रामनवमी आली, ८ एप्रिलला हनुमान जयंती. पुजाऱ्याने देवाला पाणी घातले आणि दार ओढून घेतले.

गर्दी टाळा, हा आदेश आरोग्याचा होता. खेड्यात पोहोचेपर्यंत त्याचा धर्माचा प्रश्न झाला, कारण तिथे धर्म जवळजवळ सगळा चारचौघांत होतो. देऊळ बंद असताना देव कुठे असतो, गावाची शीव बंद करणाऱ्याचा शेजारधर्म शिल्लक राहतो का, आणि चार खांदे न मिळता गेलेल्या माणसाची उत्तरक्रिया पुरी झाली असे म्हणता येते का, हे प्रश्न महामारीच्या दोन वर्षांत घरोघर विचारले गेले. ते विचारायला कोणी शास्त्री लागला नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्याच्या मातीत सातशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. गोदावरीकाठचे गंगाखेड हे परंपरेने संत जनाबाईंचे जन्मगाव. लहानपणीच त्या पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या, घरी कामाला राहिल्या. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि त्यांतला विठ्ठल गाभाऱ्यात क्वचितच सापडतो. तो दळू लागतो, पाणी भरतो, शेणी वेचतो, केर काढतो. देवाला भेटायला देवळात जाण्याइतकी सवड जिला नव्हती, तिने देवालाच कामावर बोलावून घेतले. अरणचे सावता माळीही वारीला गेल्याचे परंपरा सांगत नाही. त्यांचा देव मळ्यातच होता. म्हणजे वारकरी पंथाने वारीला केंद्रस्थान दिले आणि त्याच वेळी वारीवाचून चालणारी भक्तीही आपल्यातच सांभाळून ठेवली.

२०२० मध्ये ती शिदोरी कामी आली. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, गंगाखेडमार्गे पुढे परळीला जाते. वाटेवरच्या गावांना ती येण्याची तारीख तोंडपाठ असते. कोणाकडे चहा, कोणाकडे नाश्ता, कोणाच्या दारात पाय धुण्याचे पाणी, हे पिढ्यांनी ठरलेले असते. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पायी पालखी निघाली नाही. मानाच्या मोजक्या पालख्यांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेल्या गेल्या आणि १ जुलै २०२० ची आषाढी वारकऱ्यांनी घरी केली. माळकऱ्याने ओसरीवर वीणा घेतला, घरातल्यांनी टाळ धरले, हरिपाठ झाला. नेम मोडला नाही. नित्यनेम हा शब्दच असा आहे की त्यात जागेची अट नाही, वेळेची मात्र आहे.

जनाबाईंचे हे उत्तर वापरताना एक सावधगिरी बाळगायला हवी. टाळेबंदीत शहरातली मुले, नातवंडे, सुना गावी परतल्या. चार भाकरींच्या जागी बारा भाकरी थापाव्या लागल्या, पाणी जास्त आणावे लागले, शाळा बंद झाल्याने पोरे दिवसभर घरात. हा सगळा भार बायकांवर पडला. जाते आता बहुतेक घरांत लग्नाच्या हळदीपुरते उरले आहे, दळण गिरणीत जाते. पण चुलीपुढचा वेळ गिरणीने कमी केलेला नाही. कामातच देव आहे असे त्या बाईला सांगणे सोपे आहे. जनाबाईंच्या अभंगांत मात्र देव तिच्या कष्टांचे कौतुक करत उभा राहत नाही, तो जात्याचा खुंटा धरतो. घरातल्या माणसांनी त्या अभंगांतून घ्यायचे ते हेच आहे, आणि ज्या घरांत ते घेतले गेले नाही तिथे घरचा देव हे नुसते बोलणे ठरले.

इतर धर्मांच्या घरांतही भक्ती अशीच आत आली. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. तरावीह घरी पढली गेली, २५ मेची ईदही घरीच झाली. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि आपण तिथे असू तर बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण त्या काळात पुष्कळांनी एकमेकांना आठवून दिली. बौद्ध वस्त्यांत १४ एप्रिलची आंबेडकर जयंती मिरवणुकीशिवाय, घरातल्या वंदनेने झाली. परित्राणपाठात म्हटले जाणारे रतनसुत्त वैशालीवर दुष्काळ आणि रोगराई आली असताना म्हटले गेले, असे अट्ठकथा सांगतात.

दुसरा प्रश्न अवघड होता. टाळेबंदी लागताच अनेक गावांनी रस्त्यावर बोरीबाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या, कुठे बैलगाड्या लावल्या, पाळीने पोरे पहाऱ्याला बसवली. बाहेर कोण होते? पुण्या-मुंबईत कामाला गेलेली याच गावची मुले, आणि गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या. साखर कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या या मजुरांना गावी परतण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यावर मिळाली. मराठवाड्यातल्या साथींच्या जुन्या स्मृतीत शीव ही जिवंत गोष्ट आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. प्लेगमध्ये गावठाण सोडून माणसे रानात झोपड्या घालून राहत. रोग बाहेरून येतो आणि शिवेबाहेर काढता येतो, हा समज त्या रिवाजांनी पक्का केला होता. फरक एवढाच की त्या काळी देवीचा गाडा शिवेबाहेर जाई. २०२० मध्ये शिवेबाहेर माणूस उभा होता, आणि त्याचे नाव गावच्या मतदार यादीत होते.

बहुतेक गावांनी मधली वाट काढली. आलेल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर शेतातल्या आखाड्यावर चौदा दिवस ठेवले. घरची माणसे डबा दूर ठेवून मागे सरत, मग तो पुढे येऊन घेई. आशाताई रोज येऊन तापाची चौकशी करत. ज्यांना अशी वाट कुठेच मिळाली नाही त्यांचे काय झाले, तेही याच मुलखाने पाहिले: ज्या लोहमार्गावर जालना आणि परभणी आहेत त्याच मार्गावर करमाडजवळ ८ मे २०२० च्या पहाटे रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली गेले.

चौदा दिवस हा आकडा खेड्याने फारशी खळखळ न करता मानला, याचे एक कारण सुतकात आहे. घरात मृत्यू झाला की त्या घरातले लोक ठरावीक दिवस देवळात जात नाहीत, शुभकार्यात बसत नाहीत, लोकही त्यांच्याकडचे पाणी घेत नाहीत. पण सुतकाची तीन लक्षणे आहेत. ते जाहीर असते. लपवण्यासारखे काही नसते. ते कोणाच्या दोषामुळे लागत नाही. गरिबाला लागते तसे पाटलालाही लागते. आणि ते फिटते. दिवस भरले, डोक्यावरून पाणी घेतले की माणूस पुन्हा पूर्वीसारखा पंगतीत बसतो. व्हेनिसच्या बंदरात जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवण्यावरून क्वारंटाईन हा शब्द आला. मराठवाड्यातल्या गावाला शब्द परका होता, कल्पना मात्र ओळखीची होती.

याच समाजाला अंतराची दुसरी एक रीतही ठाऊक आहे, आणि तिच्यात या तिन्हींपैकी एकही लक्षण नाही. तिचे नाव विटाळ. चोखामेळ्यांना पंढरपुरात देवळाबाहेर ठेवणारे अंतर कोणत्याही दिवसाला संपत नव्हते. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच झाली. ते अंतर जन्माला चिकटलेले होते आणि त्याला स्नान नव्हते. महामारीतल्या वागणुकीचा न्याय करायचा तर तो याच कसोटीवर करावा लागतो. पंधराव्या दिवशी शाळेतून घरी आलेल्या पोराला पारावर जागा मिळाली, तिथे गावाने सुतक पाळले. बरे झालेल्या घरातल्या बाईला महिनाभरानंतरही निंदणीला बोलावले नाही, तिच्या घरचे दूध घेणे थांबवले, तिथे गावाने विटाळ पाळला, मग त्याला नाव आरोग्याचे दिलेले असो. सामाजिक अंतर या शब्दप्रयोगाला तेव्हा अनेकांनी हरकत घेतली आणि शारीरिक अंतर म्हणा, असे सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० पासून तसाच शब्द पसंत केला. जिथे दलित वस्ती गावकुसाबाहेर राहिली त्या मुलखात ही हरकत शब्दापुरती नव्हती.

संकटात नेहमीचे नियम सैल करायला शास्त्राची संमती आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्मावर स्वतंत्र उपपर्व आहे आणि बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या घरातले कुत्र्याचे मांस घ्यायला जातो ती कथा त्यातच येते. पण आपद्धर्म नियम मोडण्याची परवानगी देतो ती जीव वाचवण्यापुरती. आपत्ती सरली की ती परवानगीही सरते, आणि तिच्या आधाराने पाळलेले अंतरही.

तिसरा प्रश्न २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या लाटेत, सगळ्यात जास्त घरांपुढे आला. एरवी परभणीच्या खेड्यात लग्नाला गेले नाही तर चालते, मातीला गेलेच पाहिजे, असा दंडक आहे. वैर असले तरी माणूस मयतीला येतो. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारहून भाकरी येते. चार खांदे, तिसऱ्या दिवशी राख सावडणे, गोदाकाठी दहावा, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत बसलेली भावकी. त्या महिन्यांत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. दवाखान्यात दगावलेल्याचे दहन बहुधा शहरातच, गुंडाळलेल्या अवस्थेत झाले. तोंड पाहायलाही मिळाले नाही.

शास्त्राच्या बाजूने पाहिले तर अडचण फार नव्हती. देह न सापडलेल्यासाठी पालाशविधी आहे: पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात. परदेशात, युद्धात, पुरात गेलेल्यांसाठी ही सोय फार जुनी आहे. देहाचे दर्शन झाले नाही म्हणून मृताची गती अडते, असे मानण्याचे कारण शास्त्र देत नाही, आणि गावोगावच्या गुरुजींनी हे सांगून पुष्कळ घरांना धीरही दिला. तरीही बायका म्हणत राहिल्या, त्यांचं काही झालंच नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शास्त्राने देहाच्या जागी पळस ठेवला. खांदा देणाऱ्यांच्या जागी काय ठेवायचे हे त्यात कुठे नाही, कारण ते मृताचे देणे नसून जिवंतांचे एकमेकांशी असलेले देणे आहे.

इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातला भेद उपयोगी पडतो. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की ती लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भक्ती एका माणसाची होऊ शकते. ती देवळातून ओसरीवर आली आणि तिचे फारसे बिघडले नाही. शोक तसा येत नाही. त्याला दुसऱ्याचे येणे, भिंतीला टेकून नुसते बसणे, भाकरीचे टोपले लागते. फोनवर कीर्तन ऐकता आले. फोनवरून मयतीला आल्याचे समाधान दोन्ही बाजूंना मिळाले नाही.

म्हणून निर्बंध उठल्यावर या जिल्ह्यातल्या गावांत दोन गोष्टींची घाई वेगवेगळी दिसली. देवळे दोनदा उघडली, १६ नोव्हेंबर २०२० ला दिवाळी पाडव्याला आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला. लोक गेले, नमस्कार करून आले. मयताच्या घरांचे देणे मात्र साठलेले होते. दहाव्याला जाता आले नाही ते वर्षश्राद्धाला गेले, तेही हुकले तर शेताच्या वाटेने जाताना त्या घरापुढे थांबले. त्या घरानेही जमेल तसे पंगतीचे अन्न केले. वाढताना कोणीतरी गेलेल्याच्या अखेरच्या दिवसांचे विचारी, दवाखान्यात कोण होते, शेवटी काय बोलला, आणि घरचा माणूस ते सगळे पहिल्यापासून सांगे.