भट्टीतील वीट आणि जुने घर
बीड जिल्ह्यातील आंबाजोगाई हे गाव निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. त्या काळातील मराठवाड्याच्या वाड्यांत दगडी जोत्यावर भाजक्या विटांच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती अंथरून केलेले सपाट छत, अशी घडण आढळते. माळवदावर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती नव्याने टाकावी लागे, लोणा लागून झिजलेल्या विटाही बदलाव्या लागत. मग शंभर वर्षांनी उभे असलेले घर पहिलेच म्हणावे काय?

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न भट्टीपाशीच गाठला होता. कच्चा घट भाजल्यावर लाल होतो तेव्हा तो परमाणूंपर्यंत विघटित होऊन दुसराच घट उपजतो, असे वैशेषिकांचे ‘पीलुपाक’ मत आहे. उलट नैयायिकांच्या ‘पिठरपाक’ मतानुसार घट अखंड राहतो, बदलतात ते त्याचे गुण. मात्र अवयव काढला की जुना अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली वस्तू, नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, हे नैयायिकही मानतात. म्हणजे आगीतून तीच राहिलेली वीट भिंतीतून निघताना भिंतीला मात्र तीच राहू देत नाही.

आंबाजोगाईच्याच दासोपंतांनी (1551–1615) सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर, प्रसिद्ध ‘पासोडी’वर, पंचीकरण हा वेदान्तविषय मांडला. त्या प्रक्रियेनुसार प्रत्येक स्थूल महाभूतात निम्मा अंश स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो, त्यामुळे विटेची मातीसुद्धा निखळ पृथ्वी ठरत नाही. हे उत्तर तत्त्वतः निर्दोष असले तरी राहत्या घराविषयी फार थोडे सांगते, कारण त्याच्यापुढे नवे, जुने आणि पडके यांत भेदच उरत नाही.

धर्मशास्त्राचा व्यवहार येथे अधिक नेमका आहे. मंदिराच्या जीर्णोद्धारात मूर्तीतील दैवी तत्त्व मंत्रपूर्वक कलशात घेतले जाते आणि काम संपल्यावर पुन्हा स्थापिले जाते, म्हणजे सातत्य देवतेचे मानले जाते, दगडविटांचे नव्हे. घराला असा कलश नाही; त्याला वास्तुशांत, म्हणजे वास्तुपुरुषाला तोषवण्याचा विधी, आहे आणि तो नव्या बांधणीप्रमाणेच जीर्णोद्धारालाही सांगितला असल्याने मोठी दुरुस्ती झालेले घर शास्त्र जणू नवेच धरते. माळवदावरची दरसालची माती मात्र त्याविना पडते, आणि कितव्या विटेपाशी डागडुजी संपून जीर्णोद्धार सुरू झाला, हे घरच्या माणसांवर सोपवलेले असते.