डोक्यावरची झळ

नागपुरात नवतपा आणि माथ्यावरचा सूर्य एकाच वेळी येतात. पंचांगाप्रमाणे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्याच सुमारास, २६ मेच्या आसपास, नागपूरच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी लपते. ही शून्य सावली शाळेतल्या मुलांना हौसेनं दाखवतात. घरामागं नवी पत्र्याची शेड उभारून त्यात सुतारकामाचं टेबल, लेथ किंवा वेल्डिंग मशीन मांडायला निघालेल्या माणसानंही ती एकदा पाहावी. ऐन उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन भिंतींवर जवळजवळ पडतच नाही, सगळं छपरावर उतरतं, हे तिच्यावरून लगेच कळतं.

किती उतरतं याचा हिशेब सोपा आहे. पंधरा बाय वीस फुटांच्या शेडीचं छप्पर सुमारे २८ चौरस मीटर भरतं. माथ्यावरचं स्वच्छ ऊन दर चौरस मीटरला जवळपास एक किलोवॅट उष्णता देतं, म्हणजे त्या छपरावर २८ किलोवॅटच्या आसपास उष्णता ओतली जात असते. दीड टनाचा एसी खोलीतून पाच किलोवॅटहून थोडी अधिक उष्णता बाहेर काढतो. छपरावर पडलेली सगळी उष्णता आत येत नाही हे खरं. काही परावर्तित होते, काही वारा घेऊन जातो. तरीही या दोन आकड्यांतलं अंतर पाहिलं की नुसता एसी किंवा कूलर लावून उघड्या पत्र्याशी झगडायचं का, याचं उत्तर मिळतं.

पत्रा तापला की नेमकं काय होतं, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक जण म्हणतात, आतली हवा तापते. तापते, पण शेडीत उभ्या माणसाला जे भाजतं ते मुख्यतः हवेचं नसतं. दुपारी दोन वाजता अशा शेडीत जाऊन एक साधा पुठ्ठा डोक्यावर, वीतभर उंच धरून पाहा. त्याच क्षणी टाळूला आणि खांद्यांना आराम वाटतो. हवा तीच, तिचं तापमान तेच. पुठ्ठ्यानं फक्त पत्रा आणि तुम्ही यांच्यातली वाट अडवली. शेकोटीसमोर बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तोच हा प्रकार. उन्हातला पत्रा साठ-पासष्ट अंशांच्या पुढे सहज जातो आणि खालच्या प्रत्येक वस्तूवर, माणसावर, टेबलावर, हत्यारांवर सतत झळ फेकत राहतो. हवा मागाहून तापते, बरीचशी या तापलेल्या वस्तूंमुळेच.

आणखी एक गोष्ट हे पक्कं करते. गरम हवा हलकी असते, ती वर जाते. छपराखालची हवा पत्र्याला चिकटून तापली तरी ती तिथंच, वरच थांबते. आपणहून खाली उतरत नाही. म्हणजे छपरातून खाली येणाऱ्या उष्णतेला हवेची वाट जवळपास बंदच असते. ती येते झळीच्या वाटेनं. शेडीचं सगळं फिनिशिंग, कोणता माल घ्यायचा आणि कोणत्या क्रमानं लावायचा, या एका गोष्टीवरून ठरवता येतं.

हवामान खात्याला हे पूर्वीपासून माहीत आहे. वेधशाळेत पारंपरिक पद्धतीनं तापमापक ज्या लाकडी पेटीत ठेवतात, ती पेटी पाहण्यासारखी असते. बाहेरून पांढरी रंगवलेली, छप्पर दुहेरी आणि दोन थरांच्या मध्ये हवा, चारही बाजूंना झडपांच्या भिंती, आणि जमिनीपासून उचलून खांबांवर ठेवलेली. तापमापकाला झळ लागू नये, फक्त हवा लागावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. नागपूरचा २३ मे २०१३ चा ४७.९ अंशांचा उच्चांक हा सावलीतल्या हवेचा आकडा आहे. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले तेव्हा देशभर खळबळ उडाली; नंतर खात्यानं संवेदक बिघडल्याचं सांगितलं. हवा तेवढी तापली नव्हती. पण पत्रा दर उन्हाळ्यात त्याहून जास्त तापतो आणि त्याखाली माणसं रोज आठ-आठ तास काम करतात, याची बातमी होत नाही. मला ही गोष्ट मनापासून खुपते.

तर आपली शेड त्या पेटीसारखी करायची. सुरुवात बाहेरून. पत्र्याला पांढरा, उष्णता परतवणारा रंग हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायचं काम. ताजा पांढरा थर बहुतेक ऊन परत पाठवतो. धुळीनं त्याचं काम मंदावतं, म्हणून होळीनंतर एकदा छप्पर धुऊन काढायचं आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात मारायचा. गावाकडं पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरतात, शहरात हिरवी नेट बांधतात. तत्त्व एकच, ऊन पत्र्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. नेट बांधायची तर पत्र्यापासून फूटभर वर ताणावी. पत्र्यावर लोळणारी नेट स्वतः तापते आणि तो ताप पत्र्यालाच देते.

आता आतली बाजू. इथं पैसे वाया जातात. बबल शीट किंवा फॉइल लावलेली शीट पत्र्याला खालून घट्ट चिकटवून टाकतात आणि मग म्हणतात, फरक पडला नाही. चकचकीत ॲल्युमिनियमचा गुण असा, की रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा जेवढी झळ फेकतो, तेवढ्याच तापमानाला ते तिच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास फेकतं. पण हा गुण हवेच्या पोकळीतच कामाला येतो. फॉइल दुसऱ्या वस्तूला टेकली की उष्णता स्पर्शानं पुढं सरकते आणि चकाकीचा उपयोग संपतो. म्हणून चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा हवी. ती बाजू खाली तोंड करून असली तर आणखी बरं, कारण वर तोंड केलेल्या फॉइलवर वर्षभरात धूळ बसते आणि फॉइल इतर कुठल्याही पृष्ठभागासारखी होऊन जाते. नागपूरच्या धुळीत तर फारच लवकर.

एवढ्यावर छपराची रचना आपोआप ठरते. पत्रा, त्याखाली पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या, उंचीची मोकळी जागा, मग पर्लिनला खालून ताणलेली तारेची जाळी आणि तिच्यावर दोन इंची ग्लासवूल किंवा रॉकवूल, फॉइलची बाजू खाली. तिच्याखाली इंच-दीड इंच पोकळी सोडून सिमेंट बोर्डाचं किंवा जिप्समचं सीलिंग. पत्र्याखालच्या मोकळ्या जागेला वळचणीला जाळी लावून हवा येऊ द्यायची आणि रिजपाशी, छपराच्या माथ्यावरच्या जोडापाशी, बाहेर पडू द्यायची, म्हणजे तिथं कोंडलेला ताप निघून जातो. विदर्भातल्या जुन्या घरांत वेगळं काय होतं? वर कवेलू, त्यांच्या फटींतून हवा खेळती, आणि खाली माळा. माणूस माळ्याच्या सावलीत राहत होता. नुसता पत्रा आल्यावर तो माळा गेला, तोच आपण परत बांधतो आहोत.

दोन इंच ग्लासवूल उष्णता अडवण्यात साधारण मीटरभर जाडीच्या विटांच्या भिंतीइतकं भरतं. पण मध्ये लोखंड आलं की हा हिशेब बिघडतो. लोखंड ग्लासवूलपेक्षा हजारपटीनं जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळं सीलिंगचा सांगाडा थेट पर्लिनला स्क्रूनं आवळला की प्रत्येक जोडापाशी उष्णतेला पूल मिळतो. मध्ये रबराची किंवा लाकडाची पट्टी घालावी. लोखंडाच्या बाजारातून, लोहाओळीतून, सामान आणतानाच ही पट्टी यादीत लिहून ठेवावी. नंतर कोणी आणत नाही.

थर्माकोल आणि पफ स्वस्त पडतात, हाताळायला सोपे असतात, आणि सध्या सगळीकडे तेच सुचवले जातात. जिथं वेल्डिंग होणार, ग्राइंडर चालणार, तिथं ते उघडे लावू नयेत, एवढं मी ठामपणे सांगेन. ठिणगी फटीतून आत जाते, धुमसते, आणि पेट घेते तेव्हा माणूस कुलूप लावून घरी जेवायला बसलेला असतो. रॉकवूल जळत नाही. ग्लासवूलही जळत नाही, मात्र त्याचे धागे अंगाला खाजतात, म्हणून लावताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. काम करणाऱ्या माणसाचा ताप आणि आगीची भीती यांचा एकत्र विचार या शहराला नवा नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथं एम्प्रेस मिल सुरू केली. तिच्यात हवेला ओलावा देणारी यंत्रं होती आणि आगीसाठी पाण्याचे फवारेही. ओलाव्यानं सूत तुटत नसे आणि कामगारालाही बरं वाटे.

भिंतींचं काम छपरापुढं लहान आहे. मुख्य दक्षता पश्चिमेची, चारनंतरच्या उन्हाची. तिथं आतून तोच थर आणि बाहेरून वेल किंवा छज्जा. उत्तरेची भिंत लोक सोडून देतात, पण मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य नागपूरच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीला लागतं. उजेडासाठी छपरात फायबरचा पारदर्शक पत्रा टाकण्याचा मोह टाळावा. उजेडाचं काम खिडक्यांनी भागवावं.

हे सगळं झालं की मग कूलर. मेमधली इथली हवा इतकी कोरडी असते की कूलर उत्तम काम करतो, फक्त त्याच्या समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला खिडकी किंवा एक्झॉस्ट पाहिजे. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा उपयोग सरतो. छपराखालचा थर मात्र बारा महिने राबतो, थंडीतही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडं फेकतो आणि हवेहूनही गार होतो. मग आतली दमट हवा त्याला लागून थेंब धरते, आणि पहाटे लेथच्या बेडवर, छिन्न्यांवर गंजाचे ठिपके दिसतात. फॉइलचे सांधे टेपनं नीट बंद केले असतील तर ती ओल पत्र्यापर्यंत पोचतच नाही.

यातून कामाचा हंगामही ठरतो. नव्या शेडीचा पत्रा पहिल्या पावसाळ्यात कुठं ना कुठं गळतोच. एखाद्या स्क्रूखालचा वॉशर तिरका बसलेला असतो, रिजचा एखादा जोड उघडा असतो. सीलिंग आधी झाकलं तर हे गळणं दिसत नाही, ग्लासवूल पाणी पितं, दबून बसतं, त्याचा उपयोग संपतो आणि पर्लिन वरून गंजू लागते. म्हणून पांढरा रंग उन्हाळ्याआधी मारून घ्यावा, पावसाळा उघड्या पत्र्याखाली काढावा, गळेल तिथं खडूनं खूण करावी, आणि दिवाळीनंतर सगळं सुकलं की वॉशर बदलून, सीलंट भरून मग ग्लासवूल आणि सीलिंगचं काम हाती घ्यावं. तेवढा धीर नसेल तर पाइप लावून छपराच्या एकेका भागावर निदान अर्धा तास पाणी सोडावं, आणि एका माणसाला आत टॉर्च घेऊन उभं करावं.