घरचे जगणे आणि कायक

स्वतःच्या कुटुंबाचे रोजचे जगणे लोकांपुढे मांडायचे आणि त्या कमाईवर घर चालवायचे, हा व्यवसाय मराठी घरांत मोबाइलच्या काळात रुजला. कडक भाकरी थापणारी सासू, नवराबायकोची कुरबुर, लेकीचा वाढदिवस, आजारपण, सगळे व्हिडिओत येते. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातींतला वाटा मिळवायला 1000 सदस्य आणि 12 महिन्यांत 4000 तासांचे पाहणे जमवावे लागते. त्यानंतर जाहिरातीच्या पैशातले 55 टक्के व्हिडिओ करणाऱ्याचे. हिशोब इतका सरळ आहे. अवघड प्रश्न धर्मविचाराचा आहे: हे जगणे कोणाचे, आणि ते बाजारात मांडण्याचा अधिकार कोणाला?

घर आणि कारखाना एकाच छपराखाली असणे सोलापूरला नवे नाही. इथल्या कितीतरी घरांत माग चालला. विडी कामगार बायका आजही घरीच सूप मांडीवर घेऊन बसतात. भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड मुडपून दोरा बांधायचा आणि तयार माल कारखान्यात नेऊन मोजून द्यायचा. या कष्टात घर झिजते, लेकरेही हाताखाली येतात. तरी कारखान्यात जाते ती विडी. त्या बाईचे रुसणे, रडणे, तिच्या लेकराचा ताप घरातच राहतो. नव्या व्यवसायात नेमका तोच माल आहे.

उपजीविकेच्या नीतीचा सर्वांत खोल विचार याच मातीत झालेला आहे. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धरामांनी तलाव खोदवला, मंदिरे उभारली. पुढे अल्लमप्रभूंबरोबर ते कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले आणि बसवण्णांच्या शरण चळवळीतले एक प्रमुख वचनकार झाले. या चळवळीने ‘कायक’ आणि ‘दासोह’ ही जोडी दिली. कायक म्हणजे देहाच्या कष्टाने, सचोटीने केलेले काम, आणि तीच पूजा. दासोह म्हणजे त्यातून आलेले समाजाला अर्पण करणे. कायकात कामाची उच्चनीचता नाही. दोर वळणारे नुलिय चंदय्या आणि सांडलेले तांदूळ वेचणारे आयदक्की मारय्या यांचा मान तिथे कोणाहून कमी नाही.

मारय्यांची कथा इथे फार उपयोगी आहे. एकदा ते रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. पत्नी लक्कम्मांनी विचारले, ही हाव कशाला? गरजेपुरते ठेवून उरलेले जिथून आणले तिथे टाकून या, असे त्यांनी सुनावले. तांदूळ चोरीचे नव्हते, कष्टाचेच होते. तरी गरजेपलीकडचे वेचणे लक्कम्मांच्या लेखी कायकातून घसरणे होते. घरचे जगणे दाखवणाऱ्यासमोर हा मोह रोज उभा असतो. स्वयंपाकाच्या व्हिडिओपेक्षा भांडण जास्त पाहिले जाते, भांडणापेक्षा लेकराचे रडणे. ते रडणे टिपायला जो हात मोबाइल उचलतो, तोच हात त्या वेळी लेकराला जवळ घ्यायला हवा असतो. लक्कम्मांचा प्रश्न नेमका त्या क्षणाला लागू होतो.

घरातले बोलणे चव्हाट्यावर आणणे मुळातच अधर्म, असे मात्र म्हणता येत नाही. मराठी संतांनी संसार उघडपणे गायला. तुकोबांच्या अभंगांत दुष्काळ आहे, दिवाळे आहे, घरातली कटकट आहे. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. कीर्तनाचे द्रव्य घेणारा आणि देणारा दोघांनाही त्यांनी कठोर शब्दांत दोष दिला. पण पैसा न घेतल्याने प्रश्न संपत नाही. त्यांच्या पत्नी जिजाईंची बाजू जिजाईंच्या स्वतःच्या शब्दांत उरलेली नाही. उपाशी लेकरांची चूल पेटती ठेवणारी ही बाई पावणेचारशे वर्षे लोकांच्या तोंडी कजाग म्हणूनच राहिली. दुसऱ्याने सांगितलेले आपले आयुष्य माणसाला असे कायमचे चिकटते.

सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याच्या चोखोबांचे घर याच्या अगदी उलट दिसते. त्या घरातला जवळजवळ प्रत्येक जण बोलला. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा या सर्वांचे अभंग आहेत आणि ज्याची त्याची नाममुद्रा वेगळी आहे. कर्ममेळा तर जन्माने वाट्याला आलेल्या हीनतेबद्दल देवालाच जाब विचारतो आणि त्याचा सूर बापापेक्षा तिखट आहे. घराचे दुःख एकच, पण ते दाखवले कोणी आणि दिसले कोण, असा भेद तिथे पडत नाही. कुटुंबाच्या जगण्यावर उपजीविका करायची तर हा नमुना सर्वांत निर्दोष ठरतो: ज्याचे आयुष्य, त्याचाच आवाज. मोठी माणसे हे पाळू शकतात. तीन वर्षांचे मूल पाळू शकत नाही, कारण त्याला अजून स्वतःची मुद्राच नाही.

म्हणूनच मुलांच्या बाबतीत कायद्याने हात घातला. भारतात बालकामगारविषयक 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावे लागतात आणि दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. घरातल्या मोबाइलपुढे हे तास मोजायला कोणी नसते. फ्रान्सने 2020 च्या कायद्यात कमाई राखून ठेवण्याबरोबर आपले व्हिडिओ काढून टाकायला लावण्याचा हक्कही मुलांना दिला, आणि त्यासाठी आईवडिलांच्या परवानगीची अट घातली नाही. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीने संमती पालक देतो. या व्यवसायात संमती देणारा, चित्रण करणारा आणि पैसे घेणारा बहुधा एकच असतो. त्यामुळे लेकराच्या बाजूने लक्कम्मांसारखे विचारणारे माणूस त्याच घरात असावे लागते.