मुंबई-५९

हिप-हॉपचा व्हिडिओ बघताना मी गायकाकडे कमी आणि त्याच्या मागच्या भिंतीकडे जास्त बघतो. खोड जुनी आहे. व्हिडिओ थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा थांबवायचा. पत्र्यावर टाकलेली ताडपत्री, दोरीवरचे कपडे, पाण्याचे निळे पिंप, अर्धीच वाचता येणारी दुकानाची पाटी, आणि कॅमेरा दिसल्यावर हातातलं काम टाकून नुसता उभा राहिलेला एखादा माणूस. घरात कुणी विचारलं तर गाणं बघतोय म्हणतो. खरं तर मी पत्ता शोधत असतो.

रॅपर डिव्हाइन अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा. ‘५९’ हा आकडा तो बिरुदासारखा मिरवतो. बाहेरच्याला वाटेल टोळीचा नंबर असेल. तो पिनकोडचा शेवट आहे, ४०० ०५९. नेझी कुर्ला पश्चिमेचा, म्हणजे ७०. पाकिटावर ‘मुंबई-७०’ एवढंच लिहिलेली पत्रं ज्यांनी टाकली आहेत, त्यांना या आकड्यांची गंमत वेगळी सांगायला नको. २०१४ साली नेझीनं ‘आफत’ केलं तेव्हा बीट आयपॅडवर उतरवली, आवाज आयपॅडवर रेकॉर्ड केला आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर काढला. स्टुडिओला पैसे नव्हते, म्हणून कुर्ला आपोआप चौकटीत आलं. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून ‘मेरे गली में’ केलं. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आला आणि गल्ली मल्टिप्लेक्समध्ये पोहोचली. पण माझा जीव त्या आधीच्या, हलणाऱ्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओंत अडकलेला आहे.

पिनकोडची गोष्टही गंमतीची आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि ती योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं. गृहस्थ संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे. एकाच नावाची अनेक गावं, पाकिटांवर नाना लिपी, त्यातून टपाल नीट पोहोचावं म्हणून सहा आकडे. चाराच्या आकड्यात महाराष्ट्र येतो, शेवटच्या तिघांत आपलं पोस्ट. संस्कृत कवीनं आखलेल्या आकड्यांवर चाळीस वर्षांनी अंधेरी-कुर्ल्याची पोरं यमकं जुळवतील, हे वेलणकरांच्या स्वप्नातही आलं नसेल.

पिनकोड सुरू होऊन वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीनं हातानं आमंत्रणाची कार्डं लिहिली. सिंडी कॅम्पबेल तिचं नाव. शाळा सुरू होण्याआधी कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिनं पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तारीख ११ ऑगस्ट १९७३, जागा १५२० सेजविक अव्हेन्यू, इमारतीतली करमणुकीची खोली. तबकड्या वाजवायला तिचा जमैकाहून आलेला भाऊ, कूल हर्क. नुसता ताल उरतो तो गाण्यातला तुकडा आला की नाचणाऱ्यांच्या अंगात येतं, हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती शेजारी ठेवून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लांबवायला लागला. बाकीचा इतिहास चाहत्यांना पाठ असतो, तो इथे उगाळत नाही. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की हिप-हॉपचा पहिला लिखित कागद म्हणजे एक पत्ता आहे.

आणि आपल्याकडे? १९७२ सालीच ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. मुंबईतला जो पत्ता भल्या घरात उच्चारायचा नाही, तोच नामदेव ढसाळांनी पुस्तकाच्या कपाळावर लिहिला. प्रस्तावनेसाठी विजय तेंडुलकरांना त्यातल्या शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले. आज रॅपमधल्या ‘बंटाय’चा अर्थ विचारणाऱ्या काकांची मला कीव येत नाही ती यामुळेच, विचारणारा निदान ऐकतो तरी आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथर्सकडून. म्हणजे अमेरिकेहून मुंबईला येणारा हा रस्ता रॅपच्या आधीच वापरात होता.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असं म्हणणारे भेटतात. मला पटत नाही. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो. रॅपर ‘मी’पासून सुरू करतो आणि ‘मी कुठला’ हे लगेच सांगतो. हे लगेच सांगणं सोपं नाही. मी घाटकोपरच्या डोंगरावर वाढलो. कॉलेजच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना वस्तीचं नाव गाळून नुसतं ‘घाटकोपर (प.)’ लिहायचो. एका मुलाखतीत समोरच्या साहेबांनी विचारलं, ‘पश्चिमेला नेमकं कुठे?’ मी जवळच्या एका सोसायटीचं नाव ठोकून दिलं. नोकरी मिळाली नाहीच, खोटं मात्र लक्षात राहिलं. पुढे कधीतरी एक पोरगा कॅमेऱ्यात डोळे घालून आपला पिनकोड ओरडताना पाहिला, तेव्हा पहिल्यांदा आवडलं ते गाणं नव्हतं, ते धाडस होतं. जो पत्ता अर्जावर लपवायचा, तोच हा छाती ठोकून सांगतोय. माझ्या वेडाचं मूळ तिथे आहे.

अर्थात पैसा आला की भिंत बदलते. गल्ली जाते, भाड्याची गाडी येते, गळ्यात साखळ्या येतात, आणि बायका शोभेच्या वस्तूंसारख्या गाडीला टेकून उभ्या राहतात. याचं समर्थन मी करत नाही. चाहत्यांत ‘तो बाजच तसा असतो’ म्हणून हे माफ करायची रीत आहे. ती मला भ्याडपणाची वाटते. असले व्हिडिओ मी पुरे बघतही नाही. मागच्या भिंतीवर वाचण्यासारखं काही नसतं.

पण माझ्या या पत्त्याच्या सिद्धांताला मिसी एलियट भोक पाडते. १९९७ सालच्या ‘द रेन’च्या व्हिडिओत दिग्दर्शक हाइप विल्यम्सनं तिला कचऱ्याच्या काळ्या पिशवीसारखा, हवा भरून फुगवलेला पोशाख घातला आणि डोळे गरगरवणाऱ्या फिशआय भिंगासमोर उभं केलं. तिथे गल्ली नाही, पाटी नाही, गाव नाही. बाईला बारीक आणि उघडी दाखवणाऱ्या धंद्यात ती आणखी फुगून उभी राहते आणि तिच्यावरून नजर हटत नाही. फार तर म्हणेन, तिचा पत्ता तिचं अंगच आहे. पळवाट आहे, मान्य.

चाइल्डिश गॅम्बिनोच्या ‘धिस इज अमेरिका’नं (२०१८) उलट माझ्या खोडीला प्रतिष्ठा दिली. दिग्दर्शक हिरो मुराई. रिकाम्या गोदामात पुढे तो आणि शाळकरी पोरं नाचतात, मागे पळापळ, जाळपोळ, पोलिसांची गाडी. पांढऱ्या घोड्यावरून कुणी दौडत जातं, ते मला पहिल्यांदा दिसलंच नाही. नाचात गुंगलेला प्रेक्षक कसा आंधळा होतो, हे दाखवायलाच व्हिडिओ काढलेला, आणि मीही फसलो.

हनुमानकाइंडचा ‘बिग डॉग्स’ (२०२४) मात्र भिंतीचाच व्हिडिओ. जन्म मलप्पुरमचा, वाढ ह्यूस्टनची, गाणं इंग्रजीत, उच्चार टेक्ससचे. डोळे मिटून ऐकलं तर माणूस कुठला ते कळायचं नाही. डोळे उघडले की तो मौत का कुआंच्या तळाशी उभा आणि भोवती फळ्यांवरून गाड्या गरगरतायत. केरळातल्या पोन्नानीत काढलेला हा व्हिडिओ जगभर बघितला गेला. परदेशातले लोक थक्क झाले. गावच्या जत्रेत कठड्याला धरून खाली वाकलेल्या कुणालाही ती फळ्यांची थरथर तळपायाला आठवली असेल.

पत्ता ओरडून सांगावा लागतो तो बहुधा पुसला जाणार असतो. सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीतली परवडणारी घरं विकायची वेळ आली, तेव्हा भाडेकरूंनी हिप-हॉपचा इतिहास पुढे करून लढाई दिली. जन्मस्थळ म्हणून राज्याकडून २००७ मध्ये मान्यता आणली. आपल्याकडे ‘स्वदेसी’ या मुंबईच्या चमूनं २०१९ मध्ये आरेतल्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. वारली सूर आणि रॅप एकाच गाण्यात, विषय जंगलाचा आणि जमिनीचा. चाहते म्हणून आम्ही ते भरपूर एकमेकांना पाठवलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ तारखेला आली. तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती.

आरे मिल्क कॉलनीचा पिनकोड ४०० ०६५.